न फिरणारी दातेचक्रे : स्टीमपंक, तळपदे आणि माधवनगरच्या आसपासची वाफ

१/ धागा 🧵
चामडी पट्ट्याचा पितळी गॉगल, उंच टोपी आणि टोपीवर चार-पाच दातेचक्रे. मुंबई-पुण्याच्या कॉस्प्ले मेळाव्यांत हा वेश आता कोणाला नवा वाटत नाही. याला स्टीमपंक म्हणतात. टोपीवरची ती चक्रे मात्र एकमेकांत अडकत नाहीत आणि काही फिरवतही नाहीत. ती गोंदाने चिकटवलेली असतात. या धाग्याचे भांडण त्या गोंदाशी आहे.

२/ शब्दाचा जन्म थट्टेत झाला. १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने ‘लोकस’ नियतकालिकाला पत्र लिहिले. टिम पॉवर्स, जेम्स ब्लेलॉक आणि तो स्वतः व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडणाऱ्या अद्भुतकथा लिहीत होते आणि त्यांना एखादे नाव हवे होते. ‘सायबरपंक’ तेव्हा जोरात होते, म्हणून त्याने ‘स्टीमपंक’ सुचवले. तीन वर्षांनी विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची ‘द डिफरन्स इंजिन’ ही कादंबरी आली आणि थट्टेला वजन प्राप्त झाले. तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : चार्ल्स बॅबेजचे गणकयंत्र त्याच्या हयातीतच पूर्णत्वास गेले असते तर?

३/ प्रश्न पोकळ नव्हता. बॅबेजने १८४७ ते १८४९ या काळात आखलेल्या दुसऱ्या ‘डिफरन्स इंजिना’चे आराखडे शिल्लक होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांवरून यंत्राचा गणनाचा भाग १९९१ मध्ये आणि छपाईचा भाग २००२ मध्ये सिद्ध केला. सुमारे ८,००० सुटे भाग आणि पाच टन वजन असलेले हे यंत्र बिनचूक चालते. गंमत अशी की, ते वाफेवर चालत नाही. दांडा हाताने फिरवावा लागतो. आराखडा खरा होता म्हणून त्या ‘असते तर’ला अर्थ होता.

४/ पुढे लोकप्रिय संस्कृतीने प्रश्न फेकून दिला आणि कपडे ठेवून घेतले. व्हिडिओ गेममध्ये धुराने काळवंडलेली शहरे आली, हवेत तरंगणारी नगरे आली, नळ्या आणि झडपा आल्या. ‘डिसऑनर्ड’ (२०१२) किंवा ‘बायोशॉक इन्फिनिट’ (२०१३) हे गेम वाईट आहेत असे कोणी म्हणणार नाही. दुसऱ्याने तर वंशद्वेषाच्या प्रश्नालाही हात घातला. परंतु त्यांच्या अनुकरणातून बाजारात जी लाट आली, तिच्यात एकोणिसावे शतक म्हणजे केवळ एक रंगसंगती उरली : तपकिरी, पितळी, धुरकट.

५/ मराठी मुलांनी पुढचे उदाहरण ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी ‘द ऑर्डर : १८८६’ हा गेम आला. पर्यायी इतिहासातले लंडन, वाफ-विजेची शस्त्रे, ‘युनायटेड इंडिया कंपनी’ नावाची खलप्रवृत्त व्यापारी संस्था आणि तिच्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांची नेता कोण, तर झाशीची राणी लक्ष्मीबाई! तांब्यांची मनकर्णिका, १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडलेली, १८८६ मध्ये लंडनच्या गल्ल्यांत जिवंत.

कंपनीला खलनायक ठरवण्याचा प्रामाणिकपणा गेमकर्त्यांनी दाखवला, हे मान्य करावेच लागेल. पण राणी जगली असती तर झाशीचे काय झाले असते? दत्तकाचे काय? बुंदेलखंडाचे काय? यातले काहीही विचारले जात नाही. नायक गॅलहॅड नावाचा इंग्रज सरदार आहे. राणी त्याचे डोळे उघडण्यापुरती येते. ‘असते तर’चा सगळा लाभ लंडनला आणि झाशीच्या वाट्याला पाहुणी भूमिका.

६/ हे दुखणे जुने आहे. स्टीमपंकवाले ज्याला आद्यपुरुष मानतात त्या ज्यूल व्हर्नची दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले ‘द मिस्टीरियस आयलंड’ (१८७५). पाणबुडीचा कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डाक्कार असून १८५७ च्या उठावात त्याने सर्वस्व गमावले, हे रहस्य त्यात उलगडते. स्टीमपंकचा सर्वांत लाडका नायक भारतीय आहे! तरीही डिस्नेच्या १९५४ च्या चित्रपटात नेमो झाला जेम्स मेसन. नसीरुद्दीन शाह यांच्या वाट्याला ती भूमिका येण्यास २००३ साल उजाडावे लागले.

७/ दुसरे पुस्तक आपल्याकडे फारसे कोणी वाचत नाही : ‘द स्टीम हाउस’ (१८८०). वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन चाकांवरची घरे ओढत उत्तर हिंदुस्थानातून निघतो. घरांत आरामात बसलेले युरोपीय प्रवासी आणि त्यांच्यासोबत कर्नल मन्रो, ज्याची पत्नी कानपुरात मारली गेली आहे. काळ १८६७ चा. खलनायक कोण? नानासाहेब पेशवे.

नेपाळच्या तराईत १८५९ नंतर इतिहासातून अदृश्य झालेल्या माणसाला व्हर्नने सूडकथेसाठी परत आणले. डाक्कार लिहिणाऱ्या लेखणीनेच हेही लिहिले. शेवटी तो हत्तीही स्फोटात नष्ट होतो. आज इंटरनेटवर त्या हत्तीची रंगीत चित्रे हौसेने फिरतात आणि मराठी मुले ती ‘किती भारी’ म्हणून पुढे पाठवतात. हत्तीच्या पायाखाली कोण आहे याकडे लक्ष जात नाही.

८/ येथे एक आक्षेप येतो : ‘मौज आहे, करू द्या. वेशभूषेला इतिहासाचा तास कशाला?’

मौज करावी. पण स्टीमपंक ही परीकथा नव्हे. पऱ्यांना पत्ता नसतो. स्टीमपंकला साल असते, शहर असते, साम्राज्य असते. ज्या कापसावर मँचेस्टर चालले त्याचा काही भाग दख्खनच्या काळ्या मातीतून गेला. टोपी हवी आणि कापूस नको, असे म्हणता येत नाही.

९/ मग या भागात वाफ आली तरी कशी?

१८७६-७८ चा दुष्काळ सातारा, सोलापूर, कलादगी या मुलखांत माणसे वेचून गेला. त्यानंतरच्या १८८० च्या दुष्काळ आयोगाने संरक्षक लोहमार्गांची शिफारस केली आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. पुण्याहून साताऱ्याच्या मुलखातून मिरजेकडे उतरणारा मीटरगेज मार्ग त्याच दशकातला. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाने मिरजेहून आपला फाटा नेला.

म्हणजे गेममधील राणी लंडनच्या धुक्यात लढत होती, त्या सुमारास प्रत्यक्षात कृष्णाकाठी रूळ पडत होते आणि त्यांच्यामागे कारण होते भूक. पुढच्या दुष्काळांत याच रुळांवरून धान्य आले तसे गेलेही, हा वाद इतिहासकारांत आजही चालू आहे. पितळी झुंबरांची वाफ ही नव्हे.

१०/ परकीय गोंदाला विरोध करताना देशी गोंद मात्र डोळे झाकून वापरला जातो. शिवकर बापूजी तळपदे यांचे प्रकरण त्यापैकी.

गोष्ट सर्वांना पाठ आहे : १८९५, गिरगाव चौपाटी, ‘मरुत्सखा’ विमान, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड उपस्थित, विमान १,५०० फूट वर, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी. तळपदे ही खरी व्यक्ती होती आणि त्यांना विमानविद्येचा ध्यासही खरोखरच होता. उड्डाणाचा समकालीन पुरावा मात्र कोणीही पुढे ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगितला जातो, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू न शकणारी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

११/ जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतील भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांवरचा ‘हवाईजादा’ प्रदर्शित झाला आणि तीन आठवड्यांनी ‘द ऑर्डर’. तिन्हींत यंत्रे काल्पनिक. फरक इतकाच की, गेमने आपण गेम असल्याचे लपवले नाही.

तळपद्यांची फॉरवर्ड होणारी कथा म्हणजे नाव न सांगता चालवलेले स्टीमपंकच. कल्पना म्हणून ती सुंदर आहे. एखाद्या मराठी लेखकाने ‘तळपदे खरोखर उडाले असते तर?’ अशी कादंबरी जरूर लिहावी. ‘उडालेच’ म्हणणाऱ्याने मात्र ती कादंबरी लिहिण्याची वाट बंद केलेली असते.

१२/ हा खेळ कसा खेळावा याचा मराठी वस्तुपाठ उपलब्ध आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इंग्रजी रूपात ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होती, त्यामुळे अनेकांनी परीक्षेपुरती तरी वाचलेली आहे.

नारळीकर किती थोडे बदलतात ते पाहा. विश्वासरावांना लागणारी एक गोळी कानाजवळून निघून जाते, एवढेच. बाकी सर्व त्यातून उलगडते : मराठ्यांचे राज्य टिकते, कंपनी मुंबईत उरते, पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्सप्रेस धावते. आणि नायक? इतिहासाचा प्राध्यापक. तो नव्या जगात पोहोचताच ग्रंथालयात जाऊन आपणच लिहिलेली पुस्तके उघडतो आणि इतिहास नेमका कुठे वळला ते पानापानावर शोधतो. पुरावा म्हणून त्याच्या हाती काय उरते, तर बखरीचे एक फाटके पान.

१३/ आता माधवनगर. धाकट्या मिरज संस्थानची राजधानी असलेल्या बुधगावला खेटून हे गाव आहे आणि पुणे-मिरज मार्गावर त्याचे स्थानक आहे. तेथून पुण्याच्या दिशेने निघून नांद्रे, भिलवडी ही स्थानके मागे टाकली की किर्लोस्करवाडी येते. मीटरगेजच्या काळात त्या स्थानकाचे नाव होते कुंडल रोड.

स्टीमपंकच्या हौशी तरुणाने या मार्गावरून एकदा प्रवास करावा. ज्याच्या शोधात तो लंडनला जातो आहे ते या रुळांच्या कडेला आहे.

१४/ लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग ओळखण्यात डोळे कमी पडतात असे आढळले, तेव्हा रंग सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले. मग नोकरी सोडून बेळगावला भावासह सायकलींच्या दुकानात ते पूर्णवेळ उतरले.

कादंबरीकाराने रचले असते तर ‘फार जुळवून आणले’ अशी टीका झाली असती : रंग न दिसणारा चित्रकार यंत्रे रेखाटतो.

१५/ आधी कडबा कापण्याचे यंत्र. मग लोखंडी नांगर. शेतकरी तो घेईनात, कारण लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल ही समजूत. पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी, बाळासाहेबांनी, आपल्या संस्थानात कुंडल रोडजवळ माळरान दिले. साल १९१०. निवडुंग आणि साप यांचे ते राज्य.

नांगर, रहाट, उसाचे लोखंडी चरक. या यंत्रांना जोर वाफेचा नव्हता, बैलांचा होता. बॅबेजचे यंत्र हाताच्या दांड्याने फिरते तर किर्लोस्करवाडीचा चरक बैलजोडीने फिरे. या पंथाला देशी नाव द्यायचेच झाले तर ‘बैलपंक’ म्हणावे लागेल, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. कोळसा दूर आणि बैल दारात असताना यंत्र कसे असावे, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

१६/ पहिल्या महायुद्धात आयात कच्चे लोखंड मिळेनासे झाले. किर्लोस्करांच्या आठवणींत सांगितली जाणारी गोष्ट अशी की, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरील जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

गडप्रेमी वाचकाला येथे ठेच लागेल. तोफ वितळवली! ही ठेच लागायलाच हवी. त्या तोफांचा आकार काय होता, त्यांवर कोणाचे नाव होते, हे आज कोणी पाहू शकत नाही. त्या बदल्यात माळरान नांगरले गेले. पोटाची गरज आणि ठेवा यांत निवड करावी लागली. धातू हा नेहमी कोणाच्या तरी गरजेतून दुसऱ्या रूपात जातो. टोपीवर चिकटवलेल्या चक्राला अशी कोणतीच गरज माहीत नसते.

१७/ त्याच माळावरून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली. कारखान्याचे खबरपत्र म्हणून सुरू झालेले ते नियतकालिक पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. ओतशाळेच्या शेजारी छापखाना, आणि त्या छापखान्यातून विधवाविवाह, अंधश्रद्धा, स्त्रियांचे शिक्षण यांवर वाद. यंत्रामुळे समाज कसा बदलेल हा स्टीमपंकचा मूळ प्रश्न येथे दर महिन्याला, टपालखर्चासह, विचारला जात होता.

भक्तिभाव मात्र आवरावा. मालकांची चरित्रे झाली. वाळूचे साचे भरणारे, लाकडी पॅटर्न कोरणारे सुतार, भट्टीपुढे उभे राहणारे मोल्डर यांची नावे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते.

१८/ याच मार्गावर आणखी एक प्रसंग. ७ जून १९४३, शेणोली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवते. पुढे रुळांवर दगड, गाडी मागे जाऊ नये म्हणून मागेही दगड. हातांत मुख्यतः काठ्या. साम्राज्याचे वाफेचे इंजिन दोन्हीकडून दगडांत अडकून उभे. रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, या कारवाईतले एक म्होरके. प्रतिसरकारचे मर्मस्थान कुंडल, ज्याचे नाव त्या रेल्वे स्थानकाला होते तेच.

यावर गेम का नाही? वाफ आहे, बंडखोर आहेत, समांतर सरकार आहे, आणि सर्व खरे आहे. कदाचित यात गॉगल नाही, हेच कारण असावे.

१९/ आता संग्राहकांकडे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात पितळी प्रेशर गेज, रेल्वेचे कंदील, पेट्रोमॅक्स, पंप मारायचे स्टोव्ह यांना गिऱ्हाईक आहे. गेजच्या आत बल्ब बसवून ‘स्टीमपंक लॅम्प’ होतो. विकणाऱ्यावर राग नाही; भंगारात जाण्यापेक्षा दिवाणखाना बरा.

पण गेज यंत्रावरून निघताना त्याच्यासोबतची माहिती जागीच गळून पडते : ते कोणत्या बॉयलरवर होते, कोणत्या गिरणीत, किती दाबाला तांबडी खूण होती. माधवनगर-सांगलीच्या कापडगिरण्यांचा भोंगा ऐकून ज्यांचा दिवस सुरू होई, ती पिढी आता थकली आहे. गिरणीची हजेरीवही, दुरुस्तीची नोंद, आरेखनाचा निळा कागद यांना बाजारात भाव नाही, कारण त्यांतून दिवा होत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने उलटे वागावे. गेज दुसऱ्याला घेऊ द्यावे आणि वही मागून घ्यावी. शेताच्या बांधावर गंजत पडलेला चरक दिसला तर त्यावर ओतलेली अक्षरे, गावाचे नाव आणि मालकाने सांगितलेली हकिकत टिपून घ्यावी. उचलून नेण्याची गरज नाही.

२०/ शेवटची गोष्ट. वाफेचे युग संपले, या गृहीतकावर सगळे स्टीमपंक उभे आहे. सांगली-सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात ते संपलेलेच नाही.

साखर कारखाना वाफेवर चालतो. उसाचा रस काढल्यावर उरलेले चिपाड बॉयलरमध्ये जाते, त्याची वाफ टर्बाइन फिरवते आणि तीच वापरलेली वाफ पुढे रस आटवते. एका भांड्यातून उठणारी वाफ कमी दाबाच्या पुढच्या भांड्याला तापवते, त्याची त्याच्या पुढच्याला. इंधन वाचवण्याची ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू याची, पेटंट १८४३ आणि १८४६ ची. तो न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय अभियंता. त्याच्या भोवतीच्या लुइझियानात गुलाम माणसे उकळता रस एका उघड्या कढईतून दुसऱ्या कढईत पळ्यांनी ओतत आणि भाजून निघत. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीपुढे घाम गाळणाऱ्या गुळव्याला त्या धगीची कल्पना येईल. स्टीमपंकच्या किती टोप्यांखाली रिलियूचे नाव माहीत असेल?

२१/ दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर सांगलीच्या वर्तमानपत्रांत ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’ अशी बातमी येते. एकोणिसाव्या शतकातले यंत्र, वैदिक वाटावा असा शब्द आणि सहकारी संस्थेचे संचालक मंडळ, सर्व एका ओळीत. कोणत्याही कादंबरीकाराला हा मथळा सुचला नसता. छायाचित्रात फेटे, हार, नारळ, अध्यक्ष आणि त्यांची पत्नी असतात. परवानाधारक बॉयलर अटेंडंट, ज्याच्या नजरेवर पुढचे चार-पाच महिने तो दाब सांभाळला जाणार असतो, बहुधा चौकटीच्या बाहेर उभा असतो.